गाडी थरथरते, पण कधी?

डॉक्टरकडे गेलं की नेमका त्याच वेळी दात दुखायचा थांबतो, हा अनुभव तुम्हाला असेलच. गाडीचंही अगदी तसंच असतं! महामार्गावर स्टिअरिंग असं थरथरतं की हातात धरवत नाही, आणि गॅरेजच्या दारात तीच गाडी शहाण्या बाळासारखी उभी राहते. मेकॅनिक सात रस्त्यापर्यंत एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "गाडी तर मस्त पळू लालीय की ओ साहेब. कुठं काय हाय?"

आमच्या घरी हा खेळ सप्टेंबरच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत चालला. भाऊबीजेला आम्हा पाचजणांना पुण्याला ताईकडे जायचं होतं, म्हणजे जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. बाबांचं मत, "एवढं काय, जाऊ हळूहळू." आईचं मत, "अशा गाडीत मी बसणार नाही." आणि मी मेकॅनिकलची, म्हणजे घरातली अर्धी इंजिनिअर! तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं. त्या दीड महिन्यात मला जे कळलं ते इथे लिहिते आहे.

कायम येणारी थरथर शोधणं सोपं असतं. मधूनच येणारी थरथर शोधायची तर आधी "कोणता पार्ट गेला?" हा प्रश्न बाजूला ठेवावा लागतो. त्याऐवजी विचारायचं, "ती कधी येते आणि कधी जाते?" आम्ही हे उशिरा विचारलं, म्हणून साडेतीन हजार रुपये उगाच गेले.

सुरुवात अशी झाली. पाऊस उघडल्यावर आम्ही मंगळवेढ्याला मामाच्या शेतावर गेलो होतो. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या काळ्या जमिनीत येते ती जमीन ओली असताना काय करते हे सोलापूरकरांना सांगायला नको. चप्पल सोडून पाय बाहेर येतो! गाडी शेताच्या रस्त्याने कशीबशी बाहेर काढली, पाईपने पाणी मारून बाहेरून धुतली आणि परत निघालो. बेगमपूर ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, बाबांनी वेग वाढवला आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेज. "अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाकू." आपल्याकडे हे दोन शब्द राम-लक्ष्मणासारखे एकत्रच येतात, पण त्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वेडेवाकडे झिजतात, पण थरथर सहसा येत नाही. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन चहूबाजूंनी सारखं आहे की नाही ते. थरथर येते ती इथून.

किती वजनाने फरक पडतो? आमचा टायर 165/80 आर 14 साईजचा आहे. म्हणजे व्यास साधारण 620 मिलीमीटर आणि परीघ साधारण 1.95 मीटर. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. भागाकार केला की कळतं, चाक सेकंदाला जवळजवळ 13 वेळा फिरतं. आता रिमच्या कडेला फक्त 30 ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. फर्स्ट इयरचं सूत्र आठवा : वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. उत्तर येतं साधारण 35 न्यूटन, म्हणजे साडेतीन किलोचा धक्का, सेकंदाला तेरा वेळा! वेगाचा वर्ग असल्यामुळे 45 च्या वेगाला हाच धक्का एक चतुर्थांश होतो आणि हाताला जाणवतही नाही. म्हणूनच गॅरेजवाल्याला सात रस्त्यापर्यंत काही सापडत नाही. तिथल्या ट्रॅफिकमध्ये चाळीसच्या वर गाडी नेऊन दाखवावी कुणी!

"मग 110 ला गेल्यावर थरथर कमी कशी होते?" हा बाबांचा प्रश्न होता आणि तो बिनतोड आहे. धक्का वाढायला हवा ना? इथे रेझोनन्स येतो. चाक, हब, सस्पेन्शनचा खालचा भाग हे सगळं टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये लटकलेलं एक वजन आहे. त्याची स्वतःची डोलण्याची एक आवृत्ती असते, बहुतेक गाड्यांत सेकंदाला 10 ते 15 च्या दरम्यान. 80 ते 100 च्या वेगाला चाकाचे धक्के नेमके त्या आवृत्तीच्या आसपास येतात. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, तसं. वेग आणखी वाढला की ताल चुकतो आणि थरथर कमी वाटते. कमी वाटते, दोष तिथेच असतो. पुष्कळ लोक यावर "मग 110 नेच चालवायची" हा उपाय काढतात. त्यांना दंडवत!

असो. बॅलन्सिंग झालं, चार दिवस गाडी छान चालली. पाचव्या दिवशी बाबा टेंभुर्णीला गेले आणि थरथर परत आली, पहिल्यापेक्षा जास्त. आणि आता तर ती आपली मर्जीप्रमाणे येत होती, जात होती. परत गॅरेज. तिथे स्टिअरिंगचे दोन्ही टाय रॉड एंड बदलले. हेच ते साडेतीन हजार. फरक शून्य. मग बाबांनी आपलं निदान सांगितलं, "क्रॉस गेला असणार." आजोबांकडे प्रीमियर पद्मिनी होती, त्या काळातला हा शब्द. (ती गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये काढली ती आपल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, हे जाता जाता.) पद्मिनीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याला क्रॉस. तो झिजला तर गाडी खरोखरच थरथरायची, आणि तीही बारीक, झिणझिण्या आल्यासारखी, कारण तो शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो. पण आमच्या गाडीत पुढचीच चाकं गाडी ओढतात. प्रोपेलर शाफ्ट नाही, तर क्रॉस कुठला जाणार?

बाबांच्या या "झिणझिण्या" शब्दावरून मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी कॉन्व्हेंटची. आम्ही हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला "व्हायब्रेशन" म्हणून मोकळे होतो. मराठीत त्याला अर्धा डझन शब्द आहेत आणि प्रत्येकाचा रोग वेगळा निघतो! ठरावीक वेगाला येते ती थरथर : बॅलन्सिंग किंवा टायर. वीस-तीसच्या वेगालाही गाडी डुगडुगते : रिम वाकलं, टायरला फुगा आला किंवा चाकाचे नट ढिले झाले. वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी किंचित डावी-उजवी केली की बदलणारी घरघर : हबचं बेअरिंग. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी पुढे घेताना कटकट : ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. खड्ड्यातून जाताना धडधड : सस्पेन्शनचे बुश किंवा बॉल जॉइंट. मेकॅनिकला नुसतं "आवाज येतो" म्हणण्यापेक्षा यातला नेमका शब्द सांगितला तर त्याचं निम्मं काम होतं.

मग मी एक वही केली. बाबा गाडी चालवणार आणि मी शेजारी बसून लिहिणार : वेळ, वेग, गिअर, ब्रेक दाबलाय का, ॲक्सिलरेटर दाबलाय की सोडलाय, वळण की सरळ, निघून किती मिनिटं झाली, आणि हाताला जाणवतं की सीटला. शेवटचा मुद्दा साधा वाटतो पण फार कामाचा आहे. स्टिअरिंग हललं तर बहुतेक वेळा पुढचं चाक, सीट आणि तळ हलला तर बहुतेक वेळा मागचं. एका रविवारी पहाटे आम्ही निघालो. बाळे सोडल्यावर रस्ता मोकळा होतो. लांबोटीपर्यंत जायचं, चिवडा घ्यायचा आणि परत यायचं, असा बेत. (चिवड्याशिवाय बाबा तयार झाले नसते.)

वाटेत तीन परीक्षा घेतल्या. पहिली ब्रेकची. नव्वदवरून हलका ब्रेक दाबला की थरथर वाढते का? नाही वाढली. वाढली असती तर ब्रेकच्या डिस्कवर संशय. तिला लोक "डिस्क वाकली" म्हणतात, पण खरं तर बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि मिलीमीटरच्या शंभराव्या-दोनशंभराव्या भागाचा फरकही पायाला जाणवतो. दुसरी, ॲक्सिलरेटरची. दाबल्यावर येते आणि सोडल्यावर जाते, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट किंवा इंजिनचं माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये "फाउंडेशन" म्हणतात. तेही नाही. तिसरी, सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल करायची. थरथर राहिली तर चाक, गेली तर इंजिन. (इथे चावी अजिबात बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होईल!) थरथर राहिली. म्हणजे दोष चाकात.

पण वहीत दोन विचित्र गोष्टी आल्या. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जाताना थरथर पंधरा-वीस सेकंदांनी वाढायची आणि परत विरायची, लाटेसारखी. आणि एखाद्या वळणानंतर ती एकदम बदलायची. कधी स्टिअरिंगमधून नाहीशी होऊन सगळी बॉडीच हलायची, कधी उलटं.

मी दोन दिवस यावर डोकं खाजवलं. उत्तर बारावीच्या फिजिक्समध्ये निघालं : बीट्स! तबला लावताना दोन सूर जवळ आले की आवाज हेलकावतो, तसंच. पुढच्या एका चाकात नाही, दोन्ही चाकांत वजनाचा फरक होता. एक टायर दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त झिजलेला. त्रिज्येत दीड मिलीमीटरचा फरक असला तरी दोन्ही चाकांच्या फिरण्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, आणि सेकंदाला 13 फेऱ्यांवर अर्धा टक्का म्हणजे साधारण पंधरा सेकंदांनी दोन्ही चाकांची ताल जमते आणि सुटते. दोघांचे धक्के एकाच वेळी पुढे-मागे झाले तर स्टिअरिंगच्या रॅकमध्ये ते एकमेकांना खातात आणि फक्त बॉडी हलते. उलटसुलट झाले तर स्टिअरिंगच डावं-उजवं व्हायला लागतं. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर जातं. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरलं तर 30 अंशांच्या साध्या वळणात हा फरक पाऊण मीटरच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ अर्धी फेरी. ताल पार उलटी! "आपली मर्जी" वगैरे काही नव्हतं, गाडी अगदी नियमाने वागत होती.

पण नुकतंच बॅलन्सिंग केलेल्या दोन्ही चाकांत फरक आला कुठून? म्हणून चाकं काढली. पुढची चाकं उचलताना मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक ओढलेला, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी शिरायचं नाही, हा नियम. रिमची आतली बाजू, जी धुताना कधीच दिसत नाही, तिथे मंगळवेढ्याची काळी माती वाळून सिमेंटसारखी बसली होती. काही ठिकाणी ढेकळं निघून गेलेली, त्यांचे फक्त ठसे. गॅरेजमध्ये काय झालं ते लख्ख कळलं. मशीनवर चाक मातीसकट चढवलं होतं. मशीन बिचारं प्रामाणिक, त्याने मातीच्या समोर बरोबर वजन लावायला सांगितलं. चार दिवसांनी माती सुकून गळाली आणि ते वजन तिथेच राहिलं. म्हणजे आता थरथर आणत होते ते बॅलन्सिंगचेच वेट! डाव्या चाकातून काढलेली उरलेली माती आईच्या वजनकाट्यावर 110 ग्रॅम भरली. (काट्याबद्दल मी बोलणी खाल्ली.) एवढी माती 90 च्या वेगाला साडेअकरा किलोच्या आसपास धक्का देते. काळ्या रानात गाडी नेणाऱ्या प्रत्येकाने परत आल्यावर रिम आतून खरवडून घ्यावं, आणि मशीनवर चढवण्याआधी चाक धुतलंय का ते स्वतः बघावं. दहा मिनिटांचं काम आहे.

रिम घासून नवीन बॅलन्सिंग केलं. लाटा गेल्या. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

पण वही चालूच ठेवली होती, हे बरं झालं. पुढच्या फेरीत लांबोटीला न थांबता मोडनिंबपर्यंत गेलो. पहिली तीस-पस्तीस मिनिटं काही नाही. मग बारीक थरथर सुरू झाली, आणि ही लाटेसारखी नव्हती, सलग होती. चहाला अर्धा तास थांबलो. परत निघालो तर नाहीशी! आणि अर्ध्या तासाने पुन्हा हजर. वहीतला "निघून किती मिनिटं" हा रकाना नसता तर हे कळलंच नसतं. मोबाईलमधल्या ॲक्सेलरोमीटरचं एक फुकटचं ॲप मी डॅशबोर्डवर लावलं होतं. त्यात आधी 13 हर्ट्झला एकच सुळका दिसायचा. आता 13, 26 आणि 39 असे तीन. नुसत्या वजनाच्या फरकाने चाकाच्या एका फेरीत एकच धक्का बसतो. दुप्पट-तिप्पट आवृत्तीचे धक्के म्हणजे चाक जड-हलकं असण्याबरोबर गोलही राहिलेलं नाही.

गरम झाल्यावर येणाऱ्या थरथरीचे दोन मोठे संशयित असतात. एक म्हणजे अडकलेला ब्रेक. कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या की पॅड सुटत नाही आणि डिस्क तापत जाते. याची खूण सोपी : गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात न्यायचा, हात लावायचा नाही. एक चाक जास्त धगधगत असेल तर तेच. आमची चारही सारखी होती. दुसरा संशयित टायर.

खात्री करायला चाकांची अदलाबदल केली. पुढचं डावं मागे डावीकडे, मागचं पुढे. पुन्हा मोडनिंब. (रोजच्या टोलवर बाबा चिडले होते.) पस्तीस मिनिटांनी थरथर आली, पण या वेळी स्टिअरिंग शांत आणि मागे बसलेली आई म्हणाली, "अगं, आता माझी सीट हलतेय." सस्पेन्शन, स्टिअरिंग, हब सगळे निर्दोष सुटले. दोष चाकाबरोबर मागे गेला होता.

तिथेच रस्त्यापासून लांब गाडी घेऊन, इंजिन बंद करून, ते चाक जॅकवर उचललं. टायर गरम होता. एक खडू विटेवर टेकवून नक्षीपासून दोन मिलीमीटरवर धरला आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. तीन चतुर्थांश फेरी खडू कोरडा. मग एका जागी टायर त्याला घासून गेला. परत फिरवलं, परत तिथेच. त्या जागी आतल्या कडेवर तळवा ठेवला तर मऊ उंचवटा लागला. घरी येऊन तासाभराने बघितलं तर जवळजवळ सपाट.

याला बेल्ट सेपरेशन म्हणतात. रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे रबरात चिकटवलेले असतात. पट्ट्यांमधली ही पकड सुटली की टायर तापल्यावर आणि वेगाने फिरल्यावर तेवढा भाग फुगतो, थंड झाला की बसतो. बॅलन्सिंगच्या मशीनवर टायर थंड असतो, त्याच्यावर गाडीचं वजन नसतं. तिथे तो आरामात शून्य दाखवतो. आमच्या चाकानेही दाखवला होता. आणि ही थरथर नुसता त्रास नसते. पकड सुटत सुटत एक दिवस नक्षीचा अख्खा पट्टाच उचकटतो आणि वेगात टायर फुटतो. आपल्याकडे मे महिन्यात हवाच 42-43 अंश असते, डांबर त्याहून कितीतरी जास्त. तिथे हवा कमी भरलेली, पाच माणसं आणि सामान, म्हणजे टायर आणखी तापणार.

बाबांना पटेना. "नक्षी तर शाबूत आहे!" खरंच होती. नक्षीच्या खाचेतली झीज दाखवणारी खूण 1.6 मिलीमीटरची असते, आमची नक्षी तिच्या कितीतरी वर होती. मग मी टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा दाखवला. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमचा होता 3517, म्हणजे 2017 चा पस्तिसावा आठवडा. गाडी कमी फिरली म्हणून नक्षी राहिली, रबर मात्र म्हातारं झालं. त्यावर बाबा म्हणाले, "तू रोज पुस्तकच वाचतेस," पण दुसऱ्या दिवशी पुढचे दोन्ही टायर नवे आले.

एक गोष्ट सांगायची राहिली, खरं तर ती पहिली सांगायला हवी होती. थरथर कोणतीही असो, सगळ्यात आधी पाना घेऊन चाकाचे नट बघा. नट ढिला असेल तर वही, मोबाईल, बीट्स काही करत बसायला वेळ नसतो. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, एकामागून एक गोल नाही. किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर. चाक काढून बसवलं असेल तर 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. पाइपला टॉमी लावून त्यावर उभं राहून आवळणारे महाभाग असतात. तेही नको, स्टड ताणला जातो.

भाऊबीजेला पुण्याला जाऊन आलो. आई पुढच्या सीटवर झोपली होती, यातच सगळं आलं.

जुना टायर मी कॉलेजला आणला. सरांच्या परवानगीने वर्कशॉपमध्ये आम्ही चौघांनी तो कापला. फुग्याच्या जागी दोन पट्ट्यांमध्ये बोट सहज जात होतं आणि तिथल्या तारा तपकिरी गंजलेल्या होत्या. गंज म्हणजे पाणी आत गेलेलं. पाणी कुठून गेलं म्हणून गंजाच्या मागोमाग शोधत गेलो, तर अगदी कडेला, जिथे पंक्चर काढूच नये अशा जागी, ट्यूबलेसची एक जुनी स्ट्रिप सापडली. ती कधी बसवली, कुठे बसवली, बाबांना अजून आठवत नाही.